बाळाच्या पोटावर श्वास मोजणारा पट्टा: घरी द्यावा का?

बावड्याचा बाबा:
आमची लेक तेहतिसाव्या आठवड्यात झाली. पेटीतून बाहेर आली, श्वास अडकू नये म्हणून देतात ते कॅफिनचं औषध थांबलं, त्यानंतर सात दिवस एकदाही श्वास अडकला नाही, मग डॉक्टरांनी घरी सोडलं. तेव्हापासून बायको रात्रभर तिच्या पोटावर हात ठेवून बसते. ती दोनपर्यंत, पुढं मी. म्हणून स्ट्रेच सेन्सरबद्दल वाचत गेलो. मऊ सिलिकॉनची पातळ पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना वीज वाहणारा थर. पोट फुगलं की पट्टी ताणून पातळ होते आणि तिची विद्युतधारकता, म्हणजे वीज साठवायची क्षमता, वाढते. पोट बसलं की पूर्ववत. या चढउतारावरून श्वास मोजायचे. टोचणं नाही, चिकटवणं नाही. इचलकरंजीत माग आहेत, उद्यमनगरात कारखाने आहेत. असा पट्टा कोल्हापुरातच बनवावा आणि कमी दिवसांच्या प्रत्येक बाळाबरोबर घरी द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

नवजात कक्षातली सिस्टर:
दादा, पट्ट्याला माझा विरोध नाही, घरी देण्याला आहे. चिकटवलेले इलेक्ट्रोड काढताना कमी दिवसांच्या बाळाची कातडी सोलवटते, हे मी रोज बघते. वॉर्डात मऊ पट्टा आला तर मला हवाच आहे. पण तो श्वास मोजत नाही, हालचाल मोजतो. मान पुढं कलून घसा दबला तर हवा आत जात नाही, छाती-पोट मात्र धडपडत हलतच राहतं. पट्टा गप्प बसेल. वॉर्डात अशा वेळी पायाला लावलेला ऑक्सिजनचा सेन्सर ओरडतो. घरी कोण ओरडणार?

उलटंही होतं. नवजात बाळ पाच-दहा सेकंद थांबतं आणि मग भराभर श्वास घेतं. हे नेहमीचंच. २० सेकंदांच्या वर थांबलं, किंवा त्याआधीच निळं पडलं, ठोके मंदावले, तर धोका.

सर्किटवाला:
सिस्टर, त्यावर उपाय आहे. दोन पट्टे बांधा, एक छातीला, एक पोटाला. घसा अडला की छाती आत आणि पोट बाहेर, असं उलटसुलट दिसतं. खरी अडचण वेगळी आहे. कार्बन मिसळलेल्या रबराच्या स्वस्त पट्ट्या ताण सोडल्यावर लगेच मूळ आकड्यावर येत नाहीत, रात्रभरात आकडा सरकत जातो. धारकतेच्या पट्ट्या त्या मानानं बऱ्या.

नवजात कक्षातली सिस्टर:
बाळाच्या फासळ्या मऊ असतात. डोळ्यांची बुबुळं हलतात त्या झोपेत निरोगी बाळाचीही छाती आत ओढली जाते. मग तुमचे दोन पट्टे रात्रभर वाजतील.

राजारामपुरीची आई:
आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी घरी लावायचा मॉनिटर आणला होता. बाळाला दूध पाजायला उचललं की वाजायचा, पट्टा सैल झाला की वाजायचा. तिसऱ्या रात्री मी दचकून उठले आणि शांत झोपलेल्या बाळाला गदागदा हलवलं. ते किंचाळलं ते अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी मॉनिटर कपाटात ठेवला.

जुनी कात्रणं:
घरी मॉनिटर लावण्याचा विचार पसरला तो १९७२ सालच्या एका अमेरिकी शोधनिबंधातून. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूआधी श्वास लांबत थांबतो, असं त्यात मांडलं होतं, आणि मुख्य आधार होता एकाच घरातल्या मुलांचा. १९९५ मध्ये त्या मुलांच्या आईलाच पाच मुलांच्या खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. तिकडं हे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले ते बाळाला उताणं झोपवा, या १९९४ च्या मोहिमेनंतर. असे मृत्यू टाळायला घरचा मॉनिटर वापरू नका, असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते.

शाहूवाडीकर:
अमेरिकेचं असू दे ओ. आमच्या वाडीतनं रात्री गाडी मिळाली तरी मोठा दवाखाना लई लांब. वॉर्डात हे यंत्र आहे, ते यंत्र आहे म्हणता, आमच्याकडं काय आहे? आईचा हात, तोही झोपेनं जड झालेला. चुकून दहा वेळा वाजला तर वाजू दे, अकराव्यांदा खरा वाजेल.

नवजात कक्षातली सिस्टर:
भाऊ, तुमची तळमळ कळते, पण अकराव्यांदा कुणी उठत नाही. वॉर्डात शिकलेल्या माणसांचंही तसंच होतं. तुमच्या वाडीत आशाताई येतात ना? ४२ दिवसांत सहा भेटी. त्या पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, पुन्हा तेवढेच आले तर दवाखाना. हलणाऱ्या, रडणाऱ्या बाळाचे श्वास डोळ्यांनी मोजणं फार अवघड. तो पट्टा आशाताईंच्या पिशवीत द्या. मिनिटभर बांधायचा, आकडा घ्यायचा, सोडायचा. राखणीला मात्र नको.

आणि दादा, धुरी बंद ठेवा. शेगडी बाळाच्या खोलीत नको. उताणं, सपाट, उशीशिवाय झोपवा.

बावड्याचा बाबा:
धुरी आईनं कालच दिली होती, आजपासून बंद. घरी पट्टा नको हे मला अजून पटलेलं नाही, सोमवारी डॉक्टरांना विचारणार आहे. आत्ता ती झोपलीय. मिनिटभर मोजले, ४६ भरले. मध्ये एकदा थांबली होती. किती सेकंद ते सांगता येणार नाही, घड्याळाकडं बघायचं राहूनच गेलं.