जुन्या लॅपटॉपचा घरगुती सर्व्हर आणि एमपीएससीचा अभ्यास : सल्ला हवा

रानवाट : नमस्कार मंडळी. घरी जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर डेबियन (लिनक्स) टाकलंय. नोट्स, पीडीएफ आणि अँकी या उजळणीच्या ॲपची कार्डं त्यावर ठेवून अभ्यासिकेतून मोबाइलवर उघडायची आहेत. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून लॅपटॉपपर्यंत यायची वाट उघडली, तरी बाहेरून लागत नाही. सुरक्षिततेसाठी काय करावं? शिवाय राज्यघटना दोनदा वाचूनही कलमं लक्षात राहत नाहीत. त्यावरही कुणी सांगा.

कौलारू : तो फॉरवर्ड केलेला पोर्ट आधी बंद करा. राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून कनेक्शन तुमच्यापर्यंत येतच नाही. आणि येत असतं तरी मी दार उघडं ठेवू नका असंच सांगितलं असतं. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हीवर टेलस्केल टाका, ते तुमच्या उपकरणांचं खासगी नेटवर्क बनवतं. आत वायरगार्ड हे व्हीपीएनच आहे, राउटरला हात लावावा लागत नाही आणि सर्व्हर फक्त तुमच्याच उपकरणांना दिसतो.

मग एसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय. पासवर्डऐवजी वापरायची ईडी२५५१९ प्रकारची की (किल्लीची फाइल) बनवा, पासवर्डने लॉगिन आणि रूटचं (मुख्य प्रशासक खात्याचं) थेट लॉगिन बंद करा. हे करताना चालू सेशन तोडू नका! दुसऱ्या टर्मिनलमधून की चालते याची खात्री झाली की मगच पहिलं बंद करा. सुरक्षा अपडेट आपोआप होऊ द्या.

डॉकर (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) वापरणार असाल तर नीट ऐका : डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना जुमानत नाही, कारण डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉल नियमांत, स्वतःचे नियम घालतो. यूएफडब्ल्यू 'बंद' दाखवतो आणि पोर्ट उघडाच असतो. म्हणून पोर्ट १२७.०.०.१ ला (फक्त त्याच लॅपटॉपला) किंवा टेलस्केलच्या आयपीला बांधा.

मधुमालती : अभ्यासाचं मी सांगते. तिसऱ्यांदा वाचू नकोस, पुस्तक मिटून आठव. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून बघणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. तुला परीक्षा आठवड्यानंतरचीच आहे ना?

कार्डावर एकच प्रश्न ठेव, तोही गोंधळ होतो तिथला. 'कलम २८० : वित्त आयोग' असं लिहून भागत नाही. 'वित्त आयोग कोण नेमतं?' राष्ट्रपती. 'राज्य वित्त आयोग?' राज्यपाल. अशी जोडी कर. आणि कार्डं स्वतः लिही, दुसऱ्याचा तयार डेक (कार्डांचा संच) घेऊ नकोस. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत जे चुकलं त्याचं कार्ड त्याच दिवशी कर.

रानवाट : खूप आभार, ताई, दादा! अँकीची कार्डं सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवणारा सिंक सर्व्हरही घरीच चालवू का?

कौलारू : सध्या नको. अँकीवेब ही अँकीची स्वतःची सिंक सेवा फुकट आहे, तेवढं पुरतं. परीक्षा होईपर्यंत सर्व्हरवर फक्त नोट्स आणि पीडीएफ ठेवा. त्यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि त्यातली एखादी फाइल परत उघडून बघा. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर ती आधी काढून घ्या.