फ्लाय रॉडला भाव किती लावायचा? लोक बघून जातात, घेत नाहीत

खाडीकाठचा (म्हापसा)

नमस्कार मंडळी. म्हापशात गरी-तंगसाचं छोटं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. तंगूस, गऱ्या, शिसं आणि अलीकडे स्पिनिंगचे रॉड-रील, यावर घर चालतं. गेल्या वर्षी हौसेपोटी फ्लाय फिशिंगचं सामान बाहेरून मागवलं, आठ नंबरचे चार रॉड (नंबर मोठा तेवढी लाइन जड), पाच नंबरचे दोन, रील, लाइन, तिच्या पुढचा निमुळता दोरा म्हणजे लीडर, त्याच्या टोकाचा बारीक दोरा म्हणजे टिपेट आणि पाच-सहा डझन फ्लाय, म्हणजे गरीवर केस-पिसं बांधून केलेलं खोटं आमिष. सगळ्यावर सरसकट ३० टक्के चढवले. चौदा महिन्यांत आठचा एक गेला, पाचाचा एकही नाही.

लोक येतात, रॉड हातात घेतात, बाहेर स्कूटरी लावतात तिथे हलवून बघतात, मी तासभर समजावतो, मग लेबलचा फोटो काढतात नि "घरी विचारून सांगतो". परवा त्यातलाच एक तोच रॉड ऑनलाइन मागवून माझ्याकडे घेऊन आला, रीलवर लाइन भरून द्या म्हणून! दिली भरून, फुकट. आता भाव पाडू, का हे सगळं गुंडाळून चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं) सामान विकायला बसू?

हिशेबी फोंडेकर

माटोळीत मार्जिन बरं आहे, पण चारच दिवस 😄

आधी सांग, ३० टक्के कशावर चढवले? परदेशातल्या बिलावर, का माल दुकानात येऊन पडला त्या किमतीवर? भाडं, कस्टम ड्युटी, एजंटचे पैसे, सगळं धरायचं. आयातीवरचा जीएसटी (आयजीएसटी) भरलास तो क्रेडिटमध्ये परत मिळतो, ड्युटी मिळत नाही. आणि कंपोझिशनमध्ये (जीएसटीची छोट्या दुकानदारांची सोपी योजना) असशील तर आयजीएसटीपण तुझ्याच अंगावर, वर राज्याबाहेर माल विकता येत नाही, म्हणजे पुण्या-बंगळूरचं गिऱ्हाईक हातचं गेलं.

आता हा रॉड बघ, जीएसटी बाजूला ठेवू. दुकानात पडला १०,०००ला, तू लावले १३,०००. गिऱ्हाइकाने घासाघीस करून १० टक्के सोडवले, राहिले ११,७००. त्याने क्रेडिट कार्ड पुढे केलं, २ टक्के तिकडे, म्हणजे २३४ गेले. हातात सुटले १,४६६. पैसे बँकेच्या सीसीचे (कॅश क्रेडिट कर्जाचे) असतील, व्याज ११ टक्के धर, आणि रॉड १४ महिने भिंतीला टांगलेला, तर १,२८३ व्याजातच. उरले १८३ रुपये. तासभर समजावलंस त्याचे हे.

आणि १३,००० वर ३,००० म्हणजे ३० टक्के नव्हे, २३ टक्के होतात. खरंच ३० हवे असतील तर १४,३०० च्या आसपास लावावे लागतात. म्हणून भाव पाडायचा प्रश्न नाही, रॉडमधून कमवायचंच सोडून दे. रॉड भिंतीला एक ठेव, बाकी ऑर्डरवर, अर्धे पैसे आगाऊ घेऊन.

चोणकवेडा (रायबंदर)

वरच्या हिशेबाला माझा हात जोडून. पण पाच नंबरचे रॉड आणलेस कुणासाठी रे? पाचाची लाइन पहिल्या तीस फुटांत १४० ग्रेन (वजनाचं माप), ती ट्राउटला, हिमाचलात तीर्थन खोऱ्यात जाणाऱ्याला. आपल्याकडे शापोरा नदीच्या तोंडावर वारा सुटला की जड क्लाऊझर (धातूचे डोळे बांधलेली फ्लाय) पाचाच्या रॉडने फेकायला गेलास तर ती डोक्याच्या मागे येऊन कानाला टोचते, माझ्या टोचलीय. इथे आठच, २१० ग्रेन.

आमचा पैसा रॉडवर एकदाच जातो, नंतर सगळा टिपेटवर आणि फ्लायवर. चोणक (बारामुंडी मासा) लागला की कल्ला ब्लेडसारखा, दोरा सपकन कापतो, म्हणून पुढे ४० पौंडाचा जाड तुकडा बांधावा लागतो. तांबसो मासा तर गरी लागली की थेट खारफुटीच्या मुळात घुसतो, तिथे कालवांच्या कवचावर काय उरेल ते नशीब. एका सकाळी पाच फ्लाय गमावल्यात मी. त्या कुणाकडून घेणार, दोन आठवड्यांनी येणाऱ्या पार्सलकडून? तुझ्या दुकानात सुंगटासारखी (कोळंबीसारखी) फ्लाय बांधलेली मिळाली तर मी भाव विचारणार नाही, खरंच सांगतो.

लाइन कुठली आणलीस ते पण बघ. थंड पाण्याची असेल तर इथल्या उन्हात शेवयांसारखी लिबलिबीत होते, गाईडला (रॉडवरच्या कड्यांना) चिकटते. ट्रॉपिकल लिहिलेलीच पाहिजे.

खाडीकाठचा (म्हापसा)

@चोणकवेडा आत्ता खोका उघडून बघितला. ट्रॉपिकल दोनच, बाकी चार थंड पाण्याच्या. आणि पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या दोन डझन फ्लायच्या गऱ्यांना गंज, वरचे केस झकास नि खाली तपकिरी. टिपेटचे स्पूल दर्शनी काचेत ठेवले होते, वर दिवसभर ऊन. नायलॉनचा दोरा नुसता ओढला तर तुटला.

@हिशेबी लाइन भरायचे पैसे घेतले तर चालतात का? एमआरपीच्या वर जाता येत नाही ना?

हिशेबी फोंडेकर

रॉडवर छापलेल्या एमआरपीच्या वर एक रुपयाही नाही, खाली कितीही. आणि माल तू स्वतः आयात केला असशील तर आयातदाराचं नाव-पत्ता, देश, महिना-वर्ष, एमआरपी हे लेबल तूच लावायचं, ते बघून घे. मजुरी वेगळी. बॅकिंग (लाइनच्या मागचा राखीव दोरा) भरणं, नेल नॉटची गाठ, लीडर जोडणं, बिलावर वेगळी ओळ लिही. तुझ्याकडून घेतलेल्या रॉडला माफ, बाहेरून आणलेल्याला ३०० रुपये, आणि तशी पाटीच लाव, तोंडाने सांगायला तुला जमणार नाही, तुझा स्वभाव वर दिसलाच.

खाडीकाठचा (म्हापसा)

पाटी लिहायला दिली. पाचाचे दोन्ही रॉड पडल्या भावात काढतोय, कुणी उन्हाळ्यात हिमाचलला जाणार असेल तर कळवा. गंजलेल्या गऱ्या कापून केस वाचवलेत, भाच्याला व्हाइस (फ्लाय बांधताना गरी धरायचा चिमटा) आणून देतोय, सुंगटं बांधायला बसवतो. चोणकवेडाबाब, पहिली डझन तुम्हाला, पण पैसे घेऊन हां. देव बरें करूं.