कायदा आणि धर्मशास्त्र, दोन्हींत करिअर केलेल्यांनी अनुभव लिहा (नाशिककर खास)

एलएलएम करून धर्मशास्त्रात पीएचडी केली, आता लॉ कॉलेजात शिकवते. दर वर्षी दोन-तीन पोरं विचारतात, मॅडम यात पुढे काय? एकटीचं उत्तर पुरत नाही म्हणून हा धागा, मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करते.

माझं सगळं "सपिंड" या शब्दापासून सुरू झालं. हिंदू कायद्यात जवळच्या रक्ताच्या नात्यासाठी येतो तो, एलएलबीला नुसता पाठ केलेला. मग आजोबांचं दहाव्याचं रामकुंडावर करताना भाताचा पिंड बघितला आणि डोक्यात आलं, हाच का तो पिंड? हिंदू कायद्याचा जुना संस्कृत ग्रंथ मिताक्षरा मुळातून वाचायला घेतली तर तो लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणतो पिंड म्हणजे शरीर, एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात ते सपिंड, आणि दायभाग हा दुसरा तसाच ग्रंथ लिहिणारा जीमूतवाहन धरतो तो श्राद्धातला पिंड, म्हणजे एका शब्दाचा अर्थ बदलला की वारसांचा क्रमच बदलतो! कोलब्रुक या इंग्रज अधिकाऱ्याने १८१० मध्ये दायभाग आणि मिताक्षरेतला वारसाचा भाग इंग्रजीत आणला आणि इंग्रजी कोर्टं त्या भाषांतरावर निकाल देत राहिली. त्या दिवसापासून संस्कृत सुटलं नाही.

गोदाकाठ:
माझी दोन वर्षं पीएचडीचा गाइड शोधण्यात गेली. लॉवाले म्हणायचे हा विषय संस्कृतचा, संस्कृतवाले म्हणायचे कायद्याचा. फार रडले तेव्हा. नव्यांना कळकळीने सांगते, लॉ कॉलेजात शिकवायचं असेल तर एलएलएम आणि नेट-सेट लॉमधूनच करा, दुसरं त्याच्या जोडीला.

पंचवटीकर:
मी वकील, धर्मादाय आयुक्तांकडची कामं करतो, चेंज रिपोर्ट (ट्रस्टच्या नोंदींतला बदल कळवणं), ट्रस्टच्या योजना वगैरे, आणि आठवड्यातून एकदा शिकवायला जातो. शिरूर मठाच्या निकालात (१९५४) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की धर्मातलं अत्यावश्यक काय हे त्या धर्माच्याच शिकवणीतून ठरवायचं. मग ती शिकवण वाचता येणारा वकील नको का? एका देवस्थानच्या केसमध्ये जुनी मोडीतली सनद मला स्वतःला वाचता आली, तेव्हा शिकल्याचं सार्थक झालं.

ताईंचा विद्यार्थी:
भारतरत्न पां. वा. काणे मुंबईत वकिली करत होते आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंडही त्यांनीच लिहिले. मला घरी समजावताना तेवढंच पुरलं.

देवळाली:
माझे पणजोबा काळाराम सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला सुरू झाला, बाबासाहेबांचं नेतृत्व, इथली धुरा दादासाहेब गायकवाडांकडे, आणि पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. मी दर वर्षी वर्गाला घेऊन त्या देवळापाशी जाते, तिथेच उभं राहून राज्यघटनेचं कलम २५(२)(ब) वाचतो, हिंदूंची सार्वजनिक देवळं सगळ्या वर्गांना खुली करायचा कायदा सरकार करू शकतं ते. यंदा वाचायची पाळी आली तेव्हा एक मुलगी म्हणाली, मॅडम, मी आत जाऊन येते, मग वाचते. आम्ही सगळे थांबलो तिच्यासाठी.