कुत्रा टाकीसमोरून हलत नाही, बॉल पायथन काचेवर झेपावते. दोघांची सवय होईल का?

गुंडीची_आई

माझ्याकडे बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा अजगर, आहे. मादी, नाव गुंडी. पिल्लू असल्यापासून माझ्याकडेच आहे. स्वभावाने इतकी गरीब की मनगटाला विळखा घालून तासभर पडून राहते. आता दिरांची बदली झाली म्हणून त्यांचा बंड्या आमच्याकडे आलाय. वर्षाचा, मिश्र जातीचा, पाल दिसो की मांजर, मागे लागलाच म्हणून समजा.

गुंडीची टाकी हॉलमध्ये, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. म्हणजे बरोबर बंड्याच्या नाकाच्या उंचीवर. तो समोर येऊन बसतो. भुंकत नाही, गुरगुरत नाही. कान पुढे, तोंड मिटलेलं, शेपटी ताठ, नुसता टक लावून बघतो. हाक मारली तरी मान वळवत नाही. परवा त्याने काचेवर पंजा मारला. गुंडीने मान मागे खेचून इंग्रजी एससारखी वळवली आणि थाडकन काचेवर तोंड आपटलं. तिचा फुत्कार मी पहिल्यांदाच ऐकला. तेव्हापासून टाकीच्या थंड बाजूच्या हाईडमध्ये (लपायच्या खोक्यात) जी घुसून बसलीय ती बसलीच. खाणंही घेतलं नाही.

नवरा म्हणतो, एकदा जवळ नेऊन वास घेऊ दे, ओळख झाली की प्रश्न मिटला. सासूबाई म्हणतात, सापाने डूख धरला, आता कुत्र्याला सोडणार नाही. मला दोन्ही पटत नाही. ती चिडलीय की घाबरलीय? आणि उद्या चावलीच तर बंड्याला काय होईल?

दोन_घरचे_पाहुणे

एवढं घाबरू नका हो. आमच्याकडे कॉर्न स्नेक आणि म्हातारा लॅब्रॅडोर आहे. साप त्याच्या पाठीवर जाऊन बसतो, हा डोळासुद्धा उघडत नाही. फोटो जोडलाय. प्रेमाने वाढवलं की सगळे प्राणी एकमेकांना सांभाळून घेतात.

काटेसावर

ताई, यजमानांना सांगा, ओळखीचा कार्यक्रम रद्द. कुत्र्याची ओळख म्हणजे हुंगणं, चाटणं, पंजा मारणं आणि जमलं तर तोंडात धरून बघणं. यातलं एकही सापाच्या खाती जमा होत नाही. लोकांनी सोडून दिलेले पाळीव साप मी बरीच वर्षं सांभाळतोय आणि घरात दोन कुत्रीही आहेत. त्यांची भेट मी आजवर घातलेली नाही, पुढेही घालणार नाही.

गुंडी चिडलेली नाही, घाबरलेली आहे. बॉल पायथन मूळचे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले. दिवस काढायचा तो उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळात नाहीतर वारुळात. धोका दिसला की आधी निपचित पडायचं, मग लपायचं. लपायला जागा नसेल तर अंगाचा चेंडू करून डोकं आत दडवायचं. फुत्कार आणि एस आकार त्यानंतर, आणि झेप अगदी शेवटी. तुमच्या टाकीत लपायची सोय असूनही ती शेवटच्या पायरीवर आली, कारण धोका जायचं नावच घेत नव्हता. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ म्हणतात ना, अक्षरशः तेच.

शिवाय तिच्या बाजूने बघा. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जबडा जमिनीला टेकलेला असतो आणि हादरा त्या हाडातून आतल्या कानाला पोचतो. बंड्याचा पंजा तिने काचेवर नुसता पाहिला नाही, तो तिच्या डोक्यात वाजला. वरच्या ओठाच्या कडेला तिला उष्णता ओळखणारे खळगे आहेत, पण काच ती उष्णता बरीचशी अडवते. मग उरते ती फक्त हलणारी मोठी आकृती.

झेप दोन प्रकारची असते, हे ओळखायला शिका. भक्ष्यावरची झेप म्हणजे पकडायचं, सोडायचं नाही, लगेच विळखा घालायचा. बचावाची म्हणजे मारलं आणि मागे. गुंडीची दुसरी. यात डूखबिख काही नाही, हिशेब चुकता करायला ती बंड्याला शोधत फिरणार नाही.

सगळ्या जातींचं सारखं नसतं, हेही लक्षात घ्या. कॉर्न स्नेक शेपटीचं टोक थरथरवतो, खाली कागद असेल तर चक्क खुळखुळा वाजतो. हॉगनोज मान चपटी करून तोंड मिटूनच ढुसण्या देतो. त्यानेही भागलं नाही तर उताणा पडून तोंड उघडून मेल्याचं सोंग घेतो. सरळ केलात तर पुन्हा उताणा. बघायला गंमत वाटते, पण कुत्र्यासमोर हे सोंग महागात पडतं. पडलेली वस्तू तो आधी उचलतो.

पाहुणे, राग मानू नका, पण तुमच्या फोटोतला साप रमलेला वाटत नाही. अंग जागोजागी घट्ट मुडपलंय, मान आखडलीय. निवांत साप सैल असतो, जीभ सावकाश लांबवर काढत पुढे सरकतो. तुमचा थिजलाय. एका फोटोवरून छातीठोक सांगणार नाही, पण त्या लॅब्रॅडोरचं म्हातारपणच तुमच्या सापाला वाचवतंय असं मला वाटतं. झोपेत दचकून एकदा जबडा मिटला तरी पुरे.

आता करायचं काय? टाकी दार बंद होणाऱ्या खोलीत हलवा आणि उंचावर ठेवा. दोन्ही बाजू आणि पाठ कागदाने झाका, झाकणाला पक्क्या क्लिपा लावा. काही दिवस तिला हात लावू नका. बंड्याला रागावून उपयोग नाही. टक लावायला सुरुवात करण्याआधी, लांब असतानाच हाक मारा, वळला की खाऊ द्या. एकदा नजर खिळली की त्याला काही ऐकू जात नाही, तुम्ही तेच बघितलंत. गुंडी बाहेर असताना तो बंद दाराच्या पलीकडे. कुणीतरी पट्टा धरून उभं राहणं म्हणजे बंद दार नव्हे.

पशुवैद्य_बाई

वरच्या उत्तराला माझा दुजोरा. चावण्याबद्दल लिहिते.

बॉल पायथन बिनविषारी. दात बारीक, मागे वळलेले. बंड्याच्या नाकावर टाचणीसारख्या खुणा उठतील, थोडं रक्त येईल. धुवा आणि दाताचा तुकडा आत राहिलाय का बघा. डोळ्याला लागलं तर मात्र थांबू नका. विळखा बसलाच तर शेपटीकडून उलगडत या, डोकं ओढू नका. मोठ्या अजगरांची गोष्ट निराळी, तिथे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

उलट घडलं तर प्रकरण जास्त गंभीर. कुत्र्याचा दात लागलेला साप वरून धड दिसला तरी आत फासळ्या मोडलेल्या असू शकतात, आणि जखम चिघळायला वेळ लागतो. त्याच दिवशी दाखवा.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. बंड्याला गोचिडांचं औषध लावलं की त्या हाताने गुंडीला किंवा तिच्या टाकीला शिवायचं नाही, पायरेथ्रॉइड गटातली औषधं सापांना बाधतात. आणि सापाच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. कुत्रं ते चाटतं, मग तुमचं तोंड चाटतं. टाकीतला कचरा उघड्या डब्यात टाकू नका.

गुंडीची_आई

टाकी अभ्यासाच्या खोलीत हलवली. नवऱ्याने वरचं सगळं वाचलं आणि काही न बोलता पाठीला कागद चिकटवून दिला, यातच समजा. आता बंड्या दाराच्या फटीला नाक लावून बसतो.

आज टॉर्चने हाईडमध्ये डोकावले तर गुंडीचे डोळे दुधाळ निळसर दिसले, रंगही मळका वाटला. हे त्या धक्क्याने झालं का?

काटेसावर

छे, कात टाकायला आलीय! धक्क्याचा संबंध नाही. या दिवसांत त्यांना अंधुक दिसतं, त्यामुळे झेप लवकर येते आणि बरेच साप खाणंही टाळतात. म्हणजे सगळं खापर बंड्याच्या डोक्यावर फोडू नका, जरी पंजा त्याचाच होता. आता खाणं पुढे करूच नका. कात पडल्यावर थोडे दिवस जाऊ द्या, मग विचारा. तेव्हाही नाही म्हणाली तर वजन करत राहा. वजन टिकून असेल तर मोठा बॉल पायथन आठवडेच्या आठवडे उपाशी राहिला तरी फारसं बिघडत नाही. उतरायला लागलं तर बाईंच्या क्षेत्रातल्या कुणाला तरी गाठा.

आर्द्रता वाढवा, हाईडमध्ये ओलसर मॉस (शेवाळ) ठेवा. डोळे आधी स्वच्छ होतील, कात त्यानंतर काही दिवसांनी. कात निघाली की तिच्यावर डोळ्यांच्या दोन्ही टोप्या (डोळ्यांवरचे पारदर्शक खवले) आल्यात का तपासा. दाराच्या फटीला जाड कापडाची गुंडाळी लावा आणि बंड्याला तिथून उठवून फिरायला न्या.

पशुवैद्य_बाई

आणि ती कात लगेच उचला. बंड्याच्या तावडीत सापडली तर सोफ्याखाली नेऊन चघळत बसेल. आमच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांचा हा आवडता उद्योग आहे.