लेदरेट, पीयू लेदर, वीगन लेदर : मराठीत काय लिहावे?

प्रश्न :
एका मोटारीच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करते आहे. सीट आणि दारांच्या पॅनलच्या वर्णनात लेदरेट, पीयू (पॉलियुरेथेन हे प्लास्टिक) लेदर आणि वीगन लेदर असे तीन शब्द आहेत. तिन्हीकडे 'कृत्रिम चामडे' लिहून मोकळी झाले होते, पण एकाच पानावर तिन्ही आले की वाचणाऱ्याला फरक कळणार कसा? 'नकली चामडे' लिहिले तर फसवल्यासारखे वाटते. 'चर्माभास' कसा वाटतो?

प्रतिसाद :
'चर्माभास' नको. हेत्वाभास, रसाभास आठवून पाहा. शेवटी 'आभास' आला की काहीतरी सदोष आहे असेच मनात येते. 'नकली'चाच आरोप, फक्त संस्कृतात. यातली प्रत्येक छटा वेगळी आहे. कृत्रिम दात गेलेल्या दाताचे काम करतात. बनावट नोट हा गुन्हा. आणि खोटे दागिने घालणारी बाई 'खोटेच आहेत गं' म्हणून स्वतःच सांगते, त्यात फसवणूक नाही.

पण माझी खरी हरकत 'चामडे' या शब्दालाच आहे. मराठीत जनावराचे ते कातडे आणि कमावले की चामडे. झाडाच्या सालीतल्या टॅनिनमध्ये किंवा क्रोमियमच्या क्षारात मुरवल्यावर ते कुजायचे थांबते, त्या मेहनतीला 'कमावणे' म्हणतात. शरीर कमावतात, तसेच कातडे. इतके नेमके क्रियापद हाताशी असताना जे कधी कमावलेच नाही त्याला चामडे म्हणणे जिवावर येते. इटलीत 2020 पासून कायदाच आहे : माल जनावराच्या कातड्याचा नसेल तर त्याच्या नावात चामडे हा शब्द नको, कुठल्या जोडशब्दात घालूनही नको.

प्रतिसाद :
आपल्याकडे 'रेक्झिन' आहे की! लेदरेट म्हणजे दुसरे काय? हे मूळचे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या मालाचे व्यापारी नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन त्यावर चामड्याच्या दाण्याचा ठसा उठवत. आता लेप बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो, शब्द मात्र टिकून राहिला. 'रेक्झिन' म्हटले की स्वस्त वाटते आणि 'लेदरेट' म्हटले की भारी, पण वस्तूत फरक नाही.

प्रश्नकर्ती :
दादा, 'रेक्झिन' मलाही आवडतो, पण पीव्हीसी आणि पीयू दोन्हीला तोच शब्द चालणार नाही. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य उन्हात हळूहळू उडून जाते, काचेवर आतून धुरकट थर धरतो आणि सीट कडक होऊन तडकते. पीयू दमट हवेत पाण्यानेच विघटित होते. माझ्या गाडीत चालकाच्या सीटचा दाराकडचा काठ, जिथे चढता-उतरता मांडी घासते, तिथे काळे पापुद्रे सुटायला लागलेत. परवा एक नखाने उचलला, तर खाली बारीक विणीचे पांढरे कापड. तेव्हा पटले की हे कापडच आहे, वर लेप दिलेले.

प्रतिसाद :
मग तेच लिहा ना, ताई! मराठीत मेणकापड आहेच : कापड आणि त्यावर मेणाचा लेप. त्याच चालीवर 'लेपकापड', मागे 'पीव्हीसी' किंवा 'पीयू' जोडायचे. दिसते कशासारखे यापेक्षा बनले कशाचे हे सांगणारा शब्द केव्हाही बरा.

'वीगन'चे मात्र 'शाकाहारी' करू नका. शाकाहारी हा खाणारा असतो, सीट काही खात नाही. शिवाय शाकाहारी माणूस दूध पितो, वीगन पीत नाही. 'वनस्पतिजन्य'ही सरसकट चालणार नाही. पिन्याटेक्स अननसाच्या पानांच्या तंतूंपासून करतात, तिथे तो शब्द निदान तंतूंपुरता खरा. पण वीगन म्हणून विकले जाणारे पीयू मुख्यतः खनिज तेलातून येते. 'प्राणिजन्य घटक नसलेले' लांबलचक आहे, पण खरे आहे.

प्रतिसाद :
जाता जाता, पुढे कुठे 'अल्कांतारा' आले तर त्याला लेपकापड म्हणू नका. ते 1970 मध्ये जपानमध्ये मियोशी ओकामोटो यांनी शोधले. साधारण 68 टक्के पॉलिएस्टर, 32 टक्के पॉलियुरेथेन. त्यावर वेगळा लेप नसतो, अतिसूक्ष्म तंतूंची लव असते. हात फिरवला की लव ज्या बाजूला झुकते तसा रंग गडद-फिका दिसतो. 'लवदार कृत्रिम कापड' म्हणता येईल. 'मखमल' नको, ती विणून होते.

प्रश्नकर्ती :
'लव' किती नेमका शब्द! लेदरेटसाठी 'पीव्हीसी लेपकापड (रेक्झिन)' आणि पीयू लेदरसाठी 'पीयू लेपकापड' लिहिते आहे. वीगनच्या ओळीत मूळ मजकुरात घटकच दिलेला नाही, म्हणून तो कंपनीकडून मागवला आहे. स्टिअरिंगवर नुसते 'लेदर' आहे, तेही विचारले आहे. कमावलेले असेल तरच 'चामडे' लिहीन.