लेवी वंशाला जमीन दिली नाही, हा अन्यायच ना?

नदीकाठ: बायबलमधलं गणना १८ वाचताना दरवेळी खटकतं. इस्राएलच्या बाकी सगळ्या वंशांना कनान देशात जमिनीच्या वाटण्या, आणि उपासनेची सेवा करणाऱ्या लेवींना काय तर परमेश्वरच तुमचं वतन. निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, सगळी कामं यांनी करायची आणि पोट मात्र दुसऱ्याच्या दशमांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या भागावर), त्यातलाही दहावा भाग परत अहरोनाच्या घराण्याला, म्हणजे याजकांना (पुरोहितांना), द्यायचा. पीक बुडालं की हे पण उपाशी.

जुनीवही: काहीच दिलं नाही असं कसं म्हणता? ४८ नगरं दिली की, यहोशवा २१ मध्ये यादीच आहे, त्यातली १३ याजकांची. प्रत्येक नगराभोवती गुरांना गायरान, आणि ज्या वंशाकडं जमीन जास्त त्यानं नगरं जास्त द्यायची. गायरान विकायला बंदी, आणि लेवीनं घर विकलं तरी ते कधीही सोडवून घेता येतं, इतरांना तटबंदीच्या गावात फक्त एक वर्षाची मुदत! एवढं संरक्षण दुसऱ्या कुणाला होतं सांगा.

नदीकाठ: गायरानात गुरं चरतात, गहू नाही पिकत. हेब्रोनचंच बघा ना, नगर याजकांना पण शेतं आणि खेडी कालेबला. शास्ते १७ मधला तो बेथलेहेमचा तरुण लेवी, राहायला जागा शोधत एफ्राइमच्या डोंगरात पोचतो आणि मीखाच्या घरी वर्षाला १० शेकेल चांदी, कपडे आणि जेवण एवढ्यावर पुरोहित म्हणून राहतो. सोय नीट असती तर कशाला फिरला असता?

हरभरा: तो काळच असा होता की जो तो मनाला येईल तसं वागत होता, त्यावरून नियम वाईट ठरत नाही. मिसरात (इजिप्तमध्ये) बघा, दुष्काळात योसेफानं सगळ्यांच्या जमिनी फारो राजासाठी घेतल्या, फक्त याजकांच्या सोडल्या. उपासना पण हातात आणि जमीन पण हातात, हेच इथं टाळलंय, मला तरी हे फार शहाणपणाचं वाटतं.

नदीकाठ: टाळलं ते ठीक, पण दशमांश आलाच नाही तर काय? नहेम्या १३ वाचा. यहूदाचा सुभेदार नहेम्या राजाकडं गेला होता, परत येऊन बघतो तर लेवींचे वाटे दिलेलेच नाहीत, गायक आणि सेवा करणारे आपापल्या शेतावर निघून गेलेत. त्यानं अधिकाऱ्यांना धारेवर धरलं, कोठारांवर विश्वासू माणसं नेमली. म्हणजे वरून कुणी लक्ष घातलं तरच पोटाला मिळणार.

जुनीवही: आपापल्या शेतावर, म्हणजे शेतं होती ना मग! याजक अब्याथारालाही शलमोन राजा सांगतो, अनाथोथला आपल्या शेतावर जा.

नदीकाठ: असतील, पण नियमानं वाटणीत आलेली नव्हेत. अनुवाद १४ मध्ये तिसऱ्या वर्षाचा दशमांश कुणाला? लेवी, परका, अनाथ, विधवा. कोणाच्या रांगेत बसवलंय बघा.

हरभरा: आणि गणना १८ च्या शेवटी काय म्हटलंय? हा तुमच्या सेवेचा मोबदला आहे, घरच्यांसोबत कुठंही बसून खा. भीक असती तर असं कुणी म्हणालं असतं का?