मदत हवी आहे: वर्डमध्ये तळटीप वाचणारी स्क्रिप्ट गप्प झालीय

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, पूर्ण अंध. शिवाजी विद्यापीठात प्रबंध द्यायचाय, तळटीपा २०० च्या वर. कर्सरजवळची तळटीप वाचणारी छोटी स्क्रिप्ट मी एनव्हीडीएच्या (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) स्क्रॅचपॅडमध्ये (स्वतःचा कोड ठेवायचा फोल्डर) लिहिलीय. जुन्या लॅपटॉपवर छान चालते, नव्यावर की दाबली की नुसती शांतता. एनव्हीडीए-कंट्रोल-एफ३ ने प्लगइन पुन्हा लोड केले, फरक नाही. एनव्हीडीएचं वर्डसाठीचं मूळ विनवर्ड मॉड्यूल स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच इम्पोर्ट केलंय (नाहीतर वर्डच्या अंगभूत सोयीच जातात).

माझा संशय यूआय ऑटोमेशनवर आहे (एनव्हीडीएने वर्डमधली माहिती घ्यायची नवी पद्धत). नव्यावर ते चालू आहे आणि माझा कोड वर्डच्या जुन्या ऑब्जेक्ट मॉडेलवर (कोडमधून वर्डशी बोलायची आधीची पद्धत) उभा आहे. ते सेटिंग बंद करू, की कोडच बदलू? बंद केलं तर मोठी फाइल अडखळेल अशी भीती वाटते. प्रत्येक तळटिपेला भावाला हाक मारणं आता नको वाटतं. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.